एक वाजताची विचारपूस

मांजलपूर, बडोदे
१८ डिसेंबर

हेरंब,

वर 'प्रिय' घातलं नाही. घातलं असतं तर तू म्हणाला असतास, हेही आधीच टाइप करून ठेवलेलं असणार. अक्षर मात्र बघून घे. असला लंगडा 'क्ष' जगात मी एकटीच काढते, कुठल्या ॲपला ते जमणार नाही.

स्टेशनवर गाडी सुटताना तू म्हणालास, "यापुढे तुझा मेसेज आला तर तो तू पाठवलायस की मशीनने, हे मला कसं कळायचं?" आणि आसामात पोचल्यावर माझे फोन घेणंच बंद केलंस. नानांशी रविवारी बोलतोस, मला मात्र नुसती रिंग ऐकवतोस. बरं. मग हे घे, पेनाने, कागदावर, पोस्टाच्या तिकिटासकट. भांडायचंच आहे तर नीट भांडू.

त्या दिवशीचं एकदा माझ्या बाजूने बघ. तुझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न, दांडिया बाजारातला तो हॉल, पंगत बसलेली. तू माझ्या उजव्या हाताला, तुझ्या पलीकडे कमलआत्या. तुझ्या हातात जिलबी, माझ्या हातात मठ्ठ्याची वाटी. आणि तुझा फोन पानाशेजारी थरथरला. "निरू: जेवलास का?" आत्यांनी चष्मा न लावता एवढं बरोबर वाचलं, नेमकं तेवढंच! "अगो बाई, शेजारी बसून नवऱ्याला मेसेज! कसलं ग हे प्रेम!" अख्खी पंगत हसली. मीही हसले, म्हणजे तोंड तरी तसं केलं. तू जिलबी पानात ठेवलीस आणि माझ्या हातांकडे बघितलंस. एकात वाटी, दुसरा खरकटा. फोन माझ्या पर्समध्ये आणि पर्स वरच्या खोलीत.

आता माझं ऐक. एक वाजता माझी पुण्याच्या टीमशी मीटिंग असते, रोज. तू तिकडे गेलास तेव्हा सुरुवातीला मी स्वतः विचारायचे. मग मीटिंगच्या गडबडीत विसरायला लागले. विसरले की दुपारभर जिवाला चुटपुट. म्हणून रोज एकला आपोआप मेसेज पाठवायचं काम ॲपला लावून दिलं. ज्याची पर्वा नाही त्याची कुणी अशी सोय करून ठेवतं का? तीन वाक्यं लिहिली होती, आलटून पालटून जायची. "जेवलास का", "वेळेवर जेवून घे रे", "आज काय भाजी?" तुला तेच तेच वाचून कंटाळा येऊ नये म्हणून. तुझ्यासाठीच केलं ना एवढं?

आणि तू, भोळ्या सांबा, रोज उत्तर द्यायचास. आज दुधी. आज परत दुधी. आज मासा होता, पण काटे फार. ती उत्तरं मी रविवारी एकदम वाचायचे. स्टेशनवर तू विचारलंस आणि मी हे खरंखरं सांगून बसले. तुझा चेहरा पडला तो तिथे, पंगतीत नाही. मला दिसलं ते.

दहा फेब्रुवारीपर्यंत तुला ऑफिसला कळवायचंय, बाजव्याच्या रिफायनरीत परत यायचं की तिथेच आणखी तीन वर्षं काढायची. लग्नाला आलास तेव्हा घरी येताना रिक्षात म्हणाला होतास, "बडोदे लिहून टाकतो." जाताना म्हणालास, "बघू." त्या 'बघू'वर मी काही बोलणार नाही. तुझं तू ठरव.

ॲप काढून टाकलंय.

निरू

मांजलपूर
१६ जानेवारी

हेरंब,

उत्तर आलं नाही. नको येऊ दे.

उत्तरायण झालं. दोन दिवस सगळं बडोदे पतंग घेऊन गच्चीवर होतं. नाना, तुझे वडील, वय वर्षं चौऱ्याहत्तर, गॉगल लावून सोसायटीतल्या पोरांच्या बरोबरीने "काप्यो छे!" ओरडत होते. संध्याकाळी त्यांचा आवाज बसला आणि बोटांना मांज्याने चिरे पडले. समोरच्या पटेलबेननी उंधियुं पाठवलं, "बेन, उपर आवो ने" म्हणून दोनदा हाका मारल्या. मी खाली लॅपटॉपसमोर. अमेरिकेत उत्तरायण नसतं, तिथे मंगळवार असतो. डोक्यावर गच्चीत पाय धाडधाड वाजत होते आणि मी ऑस्टिनच्या माणसाला सांगत होते, "थोडं बांधकाम चाललंय."

थकले रे. काम जास्त आहे म्हणून नाही, काम कधी कमी होतं! पण आता रविवारी झोपून उठलं तरी थकलेलीच उठते.

आणि गंमत ऐक. ऑफिसने मला पुढच्या आठवड्यात भाषण द्यायला लावलंय. विषय, फार काम असलेल्या माणसांनी दिवस कसा लावावा. अख्ख्या कंपनीत म्हणे माझ्याइतकी शिस्तीची बाई नाही. कॅलेंडरात माझे रंग असतात, मीटिंगला निळा, एकटीने करायच्या कामाला हिरवा, घराला पिवळा. आठवड्याचं कॅलेंडर लांबून बघितलं तर पिवळा शोधावा लागतो. मेल दिवसातून दोनदाच उघडायची. पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावून काम, मग पाच मिनिटं सुट्टी. त्या पाच मिनिटांत मी मेल बघते, हे भाषणात सांगणार नाही. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून डबे फ्रीजमध्ये रांगेने ठेवायचे, वर वाराची चिठ्ठी. एवढं सगळं केलं की वेळ वाचतो. वाचलेला वेळ कुठे जातो, विचारू नकोस. मलाही कुणी पत्ता दिलेला नाही.

काम चालू असलं की मी खोलीच्या दाराच्या कडीला लाल ओढणी बांधते, आत येऊ नका म्हणून. नानांनी तिचं नाव 'टॅग' ठेवलंय. तुमच्या प्लांटमध्ये वाल्व्हवर काम चालू असलं की लाल टॅग लावतात, आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा, तो येईपर्यंत साहेबसुद्धा हात लावत नाही, ते नोकरीभर पाळून त्यांच्या हाडांत मुरलंय. ओढणी असली की नाना दाराला बोटही लावत नाहीत. कुरियरवाल्यालासुद्धा नंतर यायला सांगतात, "टॅग छे, पछी आवजो." मला बरं वाटतं. घरात एक माणूस तरी माझी सिस्टिम पाळतो.

पण हल्ली त्यांनी एक नवीनच काढलंय. भर एक वाजता बाहेरून खणखणीत आवाजात, "निरू, जेवलीस का?" रोज! माझी मीटिंग चालू, पुण्याची आठ माणसं कान देऊन ऐकताहेत. मी माइक बंद करून ओरडते, "हो!" मग ते जातात. एकदा म्हटलं, "नाना, एक वाजता नका ना विचारू." तर म्हणाले, "मग कधी विचारू? एकलाच विचारायचं असतं." तुम्हा बापलेकांना या जेवणाचं काय वेड आहे, मी तर हात टेकले.

थंडी यंदा बरी पडली. तुझा राखाडी स्वेटर इथेच राहिलाय. हवा असेल तर कळव, पाठवते.

निरू

मांजलपूर
२५ जानेवारी

हेरंब,

घाईत लिहितेय. भाषण छान झालं. लोकांना शेवटचा भाग फार आवडला, तसं लेखी कळवलंय.

नानांना काल डॉक्टरकडे घेऊन गेले होते, नेहमीची तपासणी. काळजीचं काही नाही. हिमोग्लोबिन जरा कमी निघालं, गोळ्या दिल्यात, विश्रांती सांगितलीय. रविवारी त्यांच्याशी बोलशील तेव्हा तब्येतीचं उगाच उकरून काढू नकोस, त्यांना आवडत नाही.

दहा तारीख जवळ आली. मी काही म्हणणार नाही, आधीच सांगितलंय. तुला तिथे राहावंसं वाटलं तर राहा. इथे सगळं व्यवस्थित चाललंय.

निरू

मांजलपूर
१ फेब्रुवारी

हेरंब,

काल फोन उचलला तो मीच होते. नाना केस कापायला गेले होते आणि फोन टीव्हीवर विसरले. एक वाजला होता, मीटिंग अजून सुरू व्हायची होती. स्क्रीनवर तुझं नाव. मला वाटलं, चुकून का होईना, आला बाई एकदाचा! कानाला लावला तर हॅलो नाही, काही नाही, तुझा आवाज. "नाना, जेवली का ती?"

मी तसाच फोन कट केला.

नाना आले, मानेला पावडर लावलेली. त्यांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं. आधी म्हणाले, "छे, छे." मग म्हणाले, "त्याने सांगू नको म्हणून सांगितलं होतं." मग सगळं बाहेर आलं. तू परत गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एकला फोन. मी जेवले का, एवढं एकच विचारायचं. नाना फोन कानाला लावून माझ्या दाराशी उभे राहायचे, ओरडून विचारायचे, मी आतून 'हो' म्हणायचे, ते तुला सांगायचे.

कमाल आहे तुझी! माझे फोन घ्यायचे नाहीत, पत्राला उत्तर द्यायचं नाही, आणि रोज एकच्या ठोक्याला चौकशी, तीही दुसऱ्याच्या तोंडून. अरे, मी ॲप लावलं म्हणून तू दीड महिना तोंड फिरवून बसलास. तू तर चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा लावलास! त्यांना विचारलं, "नाना, तुम्ही रोज त्याला ती जेवली म्हणून खोटं सांगितलंत?" तर केवढे चिडले. "मी 'जेवली' असं कधीच सांगितलं नाही. 'हो म्हणतेय' एवढंच सांगितलं. पाळी संपताना चार्ज देतो तेव्हा जे ऐकलं तेवढंच सांगायचं."

कारण त्यांना माहीत होतं. फ्रीजमधले माझे डबे शनिवारी तसेच निघायचे, आणि नाना ते मुकाट्याने गाईला घालून यायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. 'हो' म्हणायची मला सवय झाली होती, हेरंब. दाराबाहेरून आवाज आला की आतून 'हो'. जेवलीस का, हो. बरी आहेस का, हो. ऑस्टिनचा माणूस विचारतो, शुक्रवारपर्यंत होईल का, हो. त्यातलं कुठलं मी म्हणत होते आणि कुठलं नुसतंच निघत होतं, मलाही सांगता यायचं नाही.

आता तुला भाषणाचंही सांगते, नाहीतर नाना सांगतील. मी घातलेली शपथ त्यांना पेलत नाहीये.

भाषण घरूनच, लॅपटॉपवर होतं. शेवटी मी सगळ्यांना म्हटलं, आता दोन मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसा, कामाच्या मधे विश्रांती कशी घ्यायची ते करून बघू. सगळ्यांनी मिटले. मी खिडकीचा पडदा सारायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं आठवत नाही. पडले ती पलंगाच्या आणि टेबलाच्या मधल्या जागेत. लोकांनी डोळे उघडले तर स्क्रीनवर माझी रिकामी खुर्ची. कुणालाही वाटलं नाही की काही बिघडलंय! त्यांना वाटलं, हाच धडा. मॅडम खुर्ची सोडून निघून गेल्या, वा! टाळ्यांची चित्रं पाठवली म्हणे सगळ्यांनी आणि एकेक जण निघून गेला. नंतर अभिप्राय आले त्यांत सगळ्यात जास्त कौतुक त्या खुर्चीचं आहे.

एक वाजला. नाना दाराशी, तू फोनवर. "निरू, जेवलीस का?" आतून काही नाही. परत विचारलं. काही नाही. तुला "थांब, नंतर करतो" म्हणाले ना त्या दिवशी? फोन खिशात टाकला आणि कडीची लाल ओढणी सोडून आत आले. दुसऱ्याने लावलेला टॅग सोडायची त्यांची जन्मातली पहिली वेळ, असं मला दवाखान्यात तीनदा सांगून झालं. अगदी गुन्हा केल्यासारखं तोंड करून! हिमोग्लोबिन माझं कमी निघालं. विश्रांती मला सांगितलीय. नानांची तब्येत ठणठणीत आहे, पतंग काय उगाच कापतात!

तुला कळवू नका म्हणून मी त्यांना गळ घातली. तुला चक्कर ऐकवून बडोद्याला बोलावलं असं व्हायला नको होतं. माझा हट्ट असा की तू यावंस, पण मी न बोलावता यावंस. बघ काय डोकं आहे माझं. शिस्तीची बाई!

काल दुपारभर मी एकच विचार करत होते. तू रोज एकला फोन केला नसतास तर नाना दाराशी आले नसते. आले नसते तर मी उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता, आणि उत्तर न आल्याचं कुणाला कळलंही नसतं. माझ्या ॲपला हे जमलं नसतं. तू तिकडे आजारी पडून चार दिवस उत्तर दिलं नसतंस तरी ते पाचव्या दिवशी "आज काय भाजी?" विचारत राहिलं असतं, आणि मी रविवारची वाट बघत बसले असते. तुला स्टेशनवर काय बोचलं ते मला काल कळलं, तुझा तो एक प्रश्न ऐकून. मला रडू आलं. नाना घाबरले, त्यांना वाटलं परत चक्कर.

तेव्हा आता सांगते. बडोदे लिही. मी म्हणणार नाही म्हटलं होतं, ते मोडलं. बडोदे लिही, हेरंब. तुमच्यात पुढच्या पाळीचा रिलीव्हर समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडत नाहीत ना, तशी मी या घरात तीन वर्षं जागा धरून बसलेय, आणि मला आता बसवत नाही. तुला तिथलं वरचं पद सोडावं लागेल, मला माहीत आहे. तरीही म्हणतेय.

आणि नानांना एकचा फोन बंद कर. म्हातारा माणूस दाराशी ताटकळतो. मला कर. मी उचलेन. पुण्याची आठ माणसं थांबतील.

स्पीड पोस्टने टाकतेय. दहाच्या आत पोचू दे.

निरू

मांजलपूर
१९ फेब्रुवारी

हेरंब,

तुझं पत्र आलं. दीड महिन्यात चार पत्रं लिहिली, त्यांना उत्तर दोन ओळींचं! "बडोदे लिहिलं. इथे माझा रिलीव्हर आला की निघतो, कधी ते सांगता येत नाही." बरं. नानांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. चार्ज दिल्याशिवाय कसा निघेल?" तुमच्या घराण्यात मला कोण समजून घेणार, कर्म माझं!

ओढणी धुवून कपाटात ठेवली. तिच्याशिवाय नानांना सवय नाही. अजून दाराशी येऊन थबकतात आणि बाहेरूनच विचारतात, "येऊ?" ऑफिसला एकची मीटिंग अर्ध्या तासाने पुढे न्यायला सांगितलीय. पुण्याची माणसं जरा नाराज झाली. होऊ दे. दम लागणं अजून आहे, जिना चढताना मधे थांबते, पण गोळ्या लागू पडताहेत म्हणतात डॉक्टर.

कालच्या फोनचं लिहायचं होतं, म्हणून हे पत्र. तू विचारलंस, "जेवलीस का?" आणि माझ्या तोंडाशी 'हो' आलंच होतं. गिळलं ते. 'नाही' म्हटलं. किती दिवसांनी, हेरंब. तू म्हणालास, "मीही नाही." मग मी फोन ओट्यावर ठेवून ताट वाढून घेतलं, तिकडे तुझ्या ताटाचाही आवाज आला. नाना समोर येऊन बसले. तू तिकडे आणि आम्ही इकडे जेवत राहिलो. भाजी दुधीची होती. तुला सांगायचं राहून गेलं.

निरू